मे महिन्यात खोली खाली करा

प्रिय काका,
मी मूळची परभणीकडची. दोन वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेविका म्हणून लागले. मानधन १६,०००. मिस्टर मालवणात मोबाइलच्या दुकानात कामाला आहेत, त्यांना ११,००० मिळतात. मुलगा सहा वर्षांचा. समुद्राजवळ एक खोली घेतली आहे, संडास-न्हाणी बाहेर, डिपॉझिट २०,०००. कागद काहीच नाही. गेल्या एप्रिलअखेर मालक म्हणाले, "शाळेला सुट्टी, तुम्ही गावी जाणारच, महिनाभर खोली खाली करा, टुरिस्ट येतात." सामान पोत्यांत भरून शाळेच्या एका वर्गात ठेवलं. मिस्टर महिनाभर दुकानातच झोपले. जूनमध्ये खोली परत मिळाली, पण ४,००० चं भाडं ४,५०० झालं. यंदाही मे महिन्यात खाली करायची आहे आणि जूनपासून ५,५०० मागतात. वर ऐकवतात, "मला एका रात्रीचे पंधराशे मिळतात, तुम्हाला ठेवतो ते उपकार समजा." असं करता येतं का? ग्रामपंचायत काही करू शकते का? की कर्ज काढून कुडाळला फ्लॅटच घ्यावा?
– एक शिक्षिका

ताई,

पोती शाळेच्या वर्गात ठेवली, हे वाचून मी पत्र जरा बाजूला ठेवलं. एकतीस वर्षं मी एका नगरपालिकेत घरपट्टीच्या टेबलावर काढली. घरमालकांची रडगाणी ऐकायची सवय आहे. भाडेकरू त्या टेबलापर्यंत सहसा येत नाहीत, कारण त्यांच्या नावावर काही नसतंच. तेव्हा मालकाच्या बाजूचं मला जरा जास्त कळतं. त्याचाच तुम्हाला उपयोग होईल असं वाटतं.

तुमचा पहिला प्रश्न. व्यवहारात मालकाला असं करता येतं, कारण तुमच्याकडे दाखवायला कागद नाही. आता तुम्ही म्हणाल, मग अकरा महिन्यांचा करार करून घेते. थांबा. हा अकराचा आकडा कुठून आला ते आधी बघू. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून देशभर लोकांनी अकरा महिने धरले. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. आपल्याकडे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांना लागू आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे मालवणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एका फेरीत कळेल. यादीत नाव असो वा नसो, नोंदवलेला करार कुठल्याही गावात करता येतो आणि तो करावाच.

पण अकरा महिने नकोत. हिशेब करा ना: १ जून ते ३० एप्रिल म्हणजे बरोबर अकरा महिने. मे आपोआप बाहेर! तुमच्या मालकाला हा आकडा कोणी सुचवला तर तो आनंदाने सही करेल. करार बारा महिन्यांचाच करायचा, आणि त्यात मे महिन्याचं भाडं तुम्ही देणार हेही लिहायचं. लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार, साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो.

खर्चाची धास्ती असेल तर तेही सांगतो. भाडं ४,५०० धरलं तर वर्षाचे ५४,०००. डिपॉझिट २०,००० वर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज २,०००. एकूण ५६,०००, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १४० रुपये. ग्रामीण भागात नोंदणी फी ५००. ऑनलाइन नोंदणीची किरकोळ आकारणी धरून सगळं हजाराच्या आसपास बसतं, करून देणाऱ्या एजंटची फी वेगळी. मालकाच्या एका रात्रीच्या पंधराशेपेक्षा कमी.

डिपॉझिटबद्दल एक गोष्ट. २०,००० म्हणजे जवळजवळ साडेचार महिन्यांचं भाडं झालं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा राज्यांकडे पाठवला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत नको असं म्हटलं आहे. पण तो प्रत्येक राज्याने आपापला स्वीकारायचा असतो आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. तेव्हा हा दोन महिन्यांचा आकडा बोलणीत वापरा. हक्क म्हणून भांडू नका. आणि उद्यापासून भाडं रोख देऊ नका. फोनवरून पाठवा आणि शेऱ्यात "अमुक महिन्याचं घरभाडं" एवढं लिहा. करार होईपर्यंत तोच तुमचा कागद.

आता कडू बोलतो. एवढं सगळं करूनही ही खोली तुमच्याकडे राहील असं मला वाटत नाही.

मालकाच्या जागी बसून गणित मांडा. मे महिन्यातल्या एकतीस रात्रींपैकी वीस जरी भरल्या तरी ३०,००० रुपये. तुम्ही मे महिन्यात राहिलात तर ४,५००. तुम्हाला बाराही महिने ठेवायचं म्हणजे त्याच्या खिशाला २५,५०० ची चाट. ती बारा महिन्यांवर पसरली तर तुमचं भाडं ६,६२५ व्हायला हवं. दोघांच्या मिळून २७,००० मध्ये ते तुम्हाला झेपणार नाही, आणि बाहेर संडास असलेल्या एका खोलीला तेवढे द्यावेत असंही मी सांगणार नाही. तेव्हा त्याला लोभी म्हणून माझं रक्त आटवण्यात अर्थ नाही. तारकर्ली-देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर जिथे गाडी पोचते तिथे हेच झालं आहे. पूर्वी मासे वाळत घालायच्या जागेवर आता एसीची बाहेरची पेटी गुरगुरते. (माझ्या जुन्या खात्याची आठवण म्हणून सांगतो: असेसमेंट उताऱ्यावर "राहते घर" आणि फाटकावर "होम स्टे, फॅमिली रूम, मालवणी जेवण" अशी घरं मी स्वतः मोजायला जायचो. चहा चांगला मिळायचा.)

सरकारनेही वारं त्याच बाजूला घातलंय. घरात पाहुणा ठेवायला पर्यटन खात्याची निवास न्याहारी योजना आहे, बचत गटांना त्याचं प्रशिक्षण आहे. वर्षभर राहणाऱ्या मास्तरणीला खोली देणाऱ्याला मात्र साधी शाबासकीही नाही. पाहुणा चार दिवसांचा आणि शिक्षिका वर्षाची, पण गावाच्या धोरणात पाहुण्याचंच नाव.

म्हणून माझा सल्ला असा: समुद्राकडे पाठ करा. रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत जा. तिथे टुरिस्ट जात नाही. तिथे काय आहे ते तुम्ही शाळेच्या पटनोंदणीला फिरताना बघितलं असेलच: दर चार घरांमागे एकाला कुलूप. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, मागे विहीर, आणि माणूस नाही. मालक लालबाग-परळचा होता, आता विरार नाहीतर डोंबिवलीला. गणपतीला पाच-सात दिवस आणि शिमग्याला दोन दिवस येतो, मेमध्ये मुलांना घेऊन आला तर आला.

मग ही घरं भाड्याने का मिळत नाहीत? विचारून बघा. तुम्हाला एकच उत्तर मिळेल: "खोली भाड्यान दिली तर उद्या कूळ होऊन बसतलो, मगे काय करुचा?"

कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, हा शब्द तुम्हाला नवखा वाटेल, पण आमच्याकडे त्याची भीती आज्यापासून चालत आली आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कसणाऱ्याच्या नावे जमीन झाली. ज्यांना मिळाली त्यांच्या घरात त्या दिवसाला दिवा लागतो, ज्यांची गेली त्यांच्या घरात अजून उसासा. न्याय झाला की अन्याय, तो वाद इथे नको. पण तो कायदा शेतजमिनीचा. पडवीत स्टोव्ह पेटवणाऱ्या शिक्षिकेला तो लागू होत नाही. लोकांच्या डोक्यात मात्र दोन्ही एकच झालंय, आणि गावातली निम्मी कुलुपं त्या गैरसमजावर लागलेली आहेत.

याला औषध आहे आणि ते तुमच्याच हातात द्यायचं आहे: तोच नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची. नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालकाला जागा परत मिळते आणि जेवढे दिवस जास्त राहिला तेवढे दिवस दुप्पट शुल्क भरावं लागतं. लेखी करार हाच पुरावा धरला जातो. म्हणजे जो कागद तुमचं रक्षण करतो तो मालकाचंही करतो. मालकाकडे जाताना "मला हक्क हवा" म्हणू नका. "काका, मी तुम्हाला लिहून देते की मी कूळ होणार नाही" असं म्हणा. कागद तोच, पण ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी जाते.

अडचणी दोन येतील. पहिली, घर एकाच्या नावावर नसतं. आजोबांच्या नावचं, खाली चार चुलत्यांची आणि त्यांच्या पोरांची नावं, त्यातला एक बडोद्याला आणि एक कोणाशी बोलत नाही. अशा घरात जो कारभार बघतो, घरपट्टी भरतो, त्याने बाकीच्यांची संमतीपत्रं घेऊन करार करावा. संमतीला जो सगळ्यात जास्त कटकट करतो त्याच्याकडे आधी जा, शेवटी नको. आणि जिथे भावाभावांत कोर्ट चालू आहे ते घर कितीही सुंदर असो, सोडून द्या.

दुसरी अडचण गणपती. आमच्याकडे घर बंद ठेवतील, पडू देतील, पण गणपतीला उघडल्याशिवाय राहणार नाहीत. पूर्ण घर मागाल तर नकार ठरलेला. म्हणून पूर्ण घर मागूच नका. माजघर आणि देवघर त्यांचं, कुलूप त्यांचं. तुम्हाला पडवीकडची खोली, स्वयंपाकाला मागची पडवी आणि न्हाणीघर. गणपतीच्या दिवसांत सगळे येतील, पंधरा माणसं, तीन चुली, रात्री भजनं. ते तुम्ही चालवून घ्याल, हे करारातच लिहा. शाळेलाही तेव्हा सुट्टी असते. तुम्ही थांबलात तर उकडीचे मोदक खाऊन परभणीला विसराल, हे आपलं माझं मत. आणि मालकाला एक गोष्ट जरूर सांगा: घरात माणूस असलं की वाळवी कळते, पावसाआधी कोणतं कौल सरकलंय ते दिसतं. शाकारणीला, म्हणजे कौलं नीट लावून घ्यायला, माणूस मिळत नाही म्हणून दर वर्षी एकेक वासा कुजतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शाकारणी कोणाच्या खर्चाने, तेही लिहून घ्या. भाडं मला विचाराल तर अशा घराला अडीच-तीन हजारांपासून बोलायला सुरुवात करा.

आता ग्रामपंचायत. भाडं किती घ्यावं हे ठरवायचा अधिकार तिला नाही, मे महिन्यात कोणाला घरात ठेवा असं मालकाला सांगायचाही नाही. सरपंचाकडे तक्रार घेऊन गेलात तर चहा मिळेल आणि मालकाच्या कानावर बातमी जाईल. पण ग्रामसभेकडे जाण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

तुमच्या शाळेतल्या कायम शिक्षकांना विचारा, घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव त्यांच्याकडे मागितला जातो. म्हणजे शिक्षक गावात राहतो की नाही यावर गावाने ठराव करायचा, आणि गावात खोली नाही! उद्या शिक्षण सेविकेची तीन वर्षं पूर्ण होऊन तुम्ही कायम झालात की तुम्हीही त्या रांगेत. तेव्हा आत्ताच मुख्याध्यापकांना, आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरना, ग्रामसेवकांना बरोबर घ्या आणि एकच मागणी लेखी द्या: ग्रामपंचायतीने गावातल्या बंद घरांपैकी जे मालक वर्षभराच्या नोंदवलेल्या करारावर खोली द्यायला तयार आहेत त्यांची यादी करावी, आणि ती नोटीस बोर्डावर लावावी. पैसा लागत नाही. असेसमेंट रजिस्टर म्हणजे नमुना ८ समोर आहे, घरपट्टीची बिलं मुंबईच्या पत्त्यावर जातात, त्याच पाकिटात एक चिठ्ठी टाकायची. घरपट्टीवाला म्हणून सांगतो, मालकापर्यंत पोचायची याहून स्वस्त वाट नाही. ग्रामपंचायतीने निरोप दिला की "कूळ" ही भीती निम्मी होते, कारण मग तुम्ही कोणी परकी बाई राहत नाही, गावाने पाठवलेली मास्तरीण होता.

दुसरी गोष्ट, गावात जुनी शिक्षक निवासस्थानं किंवा आरोग्य खात्याच्या खोल्या आहेत का ते शोधा. बऱ्याच गावांत असतात, छप्पर गेलेलं, दाराला वेल. दुरुस्तीचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालता येतं, पण त्यासाठी ग्रामसभेत कोणीतरी उभं राहून बोलावं लागतं. तुम्ही बोला असं मी म्हणत नाही. गावच्याच एखाद्या पालक बाईला बोलू द्या.

एक आडवळण घेतो, कारण हा प्रश्न मालवणचाच नाही. ब्रिटनमध्ये वेल्सचा किनारा आहे, तिथेही शहरातले लोक सुट्टीची घरं घेऊन ठेवतात आणि गावच्या पोरांना खोली मिळत नाही. २०२३ पासून तिथल्या स्थानिक संस्थांना अशा घरांवर नेहमीच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत वाढीव कर लावता येतो. ग्विनेथ परगण्याने १५० टक्के लावला. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर नूतनीकरण करणार नाही. आमच्याकडचे काही उत्साही लोक हे वाचून म्हणतात, आपणही बंद घरांवर चौपट घरपट्टी लावा. मी त्या टेबलावर बसलेला माणूस, मला हे पटत नाही. वेल्समधलं बंद घर म्हणजे दुसरं घर. इथलं बंद घर म्हणजे गिरणी कामगाराच्या पोराचा आठ आण्यांचा हिस्सा, जो त्याने विकलाही नाही आणि सोडलाही नाही. त्याला चौपट बिल पाठवलंत तर तो घर भाड्याने देणार नाही, जमिनीच्या दलालाला देईल. डोंगर कापून बांधलेल्या, पाण्याचं टाकं असलेल्या विकेंड बंगल्यांचं वेगळं; त्यांच्यावर कर वाढवायला माझी हरकत नाही. आणि वर्षभर भाडेकरू ठेवणाऱ्याला घरपट्टीत थोडी सूट मिळाली तर मला फार आवडेल.

कुडाळच्या फ्लॅटचं थोडक्यात. वीस लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी १७,००० च्या वर जातो. तुमच्याकडे २७,००० येतात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला तीन ते सहा लाख उत्पन्नाच्या अल्प उत्पन्न गटात तुम्ही बसता. २५ लाखांपर्यंतचं कर्ज, ३५ लाखांपर्यंतचं घर, आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसेल तर व्याजात जास्तीत जास्त १.८० लाखांची मदत पाच हप्त्यांत मिळते. ऐकायला छान, पण महिन्याला तीनेक हजार झाले, तेही पाच वर्षं. परभणीचं घर मिस्टरांच्या नावावर असेल तर तेही नाही. म्हाडाच्या कोकण मंडळाकडे डोळे लावू नका, त्यांच्या सोडतीतली बहुतेक घरं ठाणे, कल्याण, विरारकडची. नियमित वेतनश्रेणी लागेपर्यंत आणि बदलीचं चित्र कळेपर्यंत कर्ज नको.

सध्याच्या मालकाशी भांडण काढू नका, डिपॉझिट त्याच्याकडे आहे. एप्रिलअखेर खोली सोडताना भिंतीचे, नळाचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढा, आणि चावी द्यायच्या आधी २०,००० परत मागा. "जूनमध्ये येणारच आहात ना" या वाक्याला बळी पडू नका.

तुमच्या पत्रावर फेब्रुवारीची तारीख आहे. म्हणजे शिमगा तोंडावर आलाय आणि मुंबईचे चाकरमानी येतील. फोनवर मालक "बघू, विचारून सांगतो" म्हणतो आणि मग कधीच सांगत नाही. शिमग्याच्या दिवसांत तो ओटीवर बसलेला असतो, तेव्हा जा. मुलाला घेऊन जा. आणि हो म्हणायच्या आधी मागे जाऊन विहिरीत डोकावून बघा. शेजारणीला विचारा, मे महिन्यात पाणी किती खाली जातं.